टंकण, सवागी, सुहागा, टिंकाल: एकच माल की वेगवेगळा?

मोडीवाचक:
मंडळी, खनिजांच्या जुन्या बाजारी नावांचा छोटा मराठी कोश करायला घेतला आहे. गंधक, तुरटी, हिराकस, मोरचूद इथवर गाडी बरी चालली आणि टाकणखारापाशी, म्हणजे सोनार सांधे जोडायला वापरतात त्या पांढऱ्या खारापाशी, येऊन अडली.

सोनार सवागी म्हणतात, वैद्य टंकण म्हणतात, उत्तरेकडचे व्यापारी सुहागा म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरांत टिंकाल असतो. बाहेरची नावं पाहायला गेलं तर आणखी रांग लागते: इटलीचा सासोलाइट, तुर्कस्तानचा पँडरमाइट, चिलीची तिसा. बहुतेक शब्दकोश यातल्या अर्ध्याअधिक नावांपुढे 'बोरॅक्स' एवढं लिहून मोकळे होतात.

मला ते पटत नाही. ही नावं वापरणाऱ्या माणसाला रसायन ठाऊक नव्हतं, पण माल कुठून आला, किती साफ केला आहे आणि कोणाच्या कामाचा आहे हे त्याला नावावरून कळत होतं. कोशात तेवढंच टिकवायचं आहे. तुमच्या घरात, धंद्यात, वाचनात यातलं कोणतं नाव कशासाठी वापरलं जायचं ते सांगा. मतभेदही चालतील.

चहाबाज:
शीर्षकात टंकण दिसलं, म्हटलं युनिकोड की-बोर्डावर धागा निघाला. आता आलोच आहे तर बसतो.

सोनारगल्ली:
आमच्याकडे तीन पिढ्या सवागी हाच शब्द. टाकणखार म्हटलं की समजतं, पण दुकानात पोराला हाक मारून मागवायची ती सवागीच.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण नाव कामावरूनच कळेल. ओल्या दगडावर सवागीचा खडा पाण्यासोबत उगाळायचा, दुधासारखं पाणी होतं. ते सांध्यावर लावायचं, वर डागाचे, म्हणजे वितळून सांधा जोडणाऱ्या धातूचे, बारीक तुकडे मांडायचे आणि फुंकणीने आच द्यायची. सवागी आधी फुगते, लाहीसारखी. इथे नवशिका घाई करतो, आच एकदम देतो आणि फुगणारी सवागी डागाचा तुकडाच उचलून बाजूला टाकते. हळू तापवलं तर ती फुगून परत बसते, वितळून काचेसारखी पसरते आणि मग डाग एका क्षणात सांध्यातून पळतो. तो पळताना दिसला पाहिजे, नाहीतर सांधा बसलेला नसतो. नंतर वर राहिलेली काच तुरटीच्या पाण्यात उकळून काढायची.

वडील खडा हातात घेऊन सांगायचे की हा जुना आहे, वरून पिठासारखा झालाय, वजनाला कमी भरतो पण कामाला जोरदार.

दगडधोंडे:
सोनारगल्ली, तुमच्या वडिलांचं निरीक्षण अचूक आहे. बोरॅक्सच्या स्फटिकात निम्म्याच्या जवळपास वजन पाण्याचं असतं. कोरड्या हवेत ते पाणी उडतं आणि वर पांढरी भुकटी धरते. त्या भुकटीतल्या खनिजाला वेगळं नावच आहे, टिंकॅलकोनाइट. म्हणजे आपल्याकडून गेलेलं टिंकाल आणि पुढे धुळीसाठीचा ग्रीक शब्द. पाणी उडाल्यामुळे तेवढ्याच वजनात खार जास्त, म्हणून कामाला जोरदार.

फुगण्याचं कारणही तेच. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. सगळं पाणी गेल्यावर उरतं ते साधारण ७४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि धातूवरची ऑक्साइडची साय विरघळवून टाकतं. स्वच्छ धातू स्वच्छ धातूला भेटला की डाग पळणारच.

अंजनवेल:
आमच्या गावात कल्हईवाला यायचा तो पण टाकणखारच टाकायचा ना? भांडं तापवून पांढरी पूड टाकली की धूर व्हायचा, नाकात झोंबायचा.

सोनारगल्ली:
अंजनवेल, तो नवसागर. झोंबणारा पांढरा धूर ही त्याची खूण. सवागीला धूर नाही.

चहाबाज:
नवसागराचा तो वास आणि कापसाच्या बोळ्याने कल्हई फिरवली की भांड्याचा एकदम चांदीचा होणारा तळ! आम्ही पोरं शाळा बुडवून बघायचो. अवांतराबद्दल क्षमस्व, पण कल्हईवर स्वतंत्र धागा हवाच.

रसशाळा:
मूळ प्रश्नाकडे. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-खनिजांच्या औषधांच्या शास्त्रात, क्षारत्रय म्हणून जो गट आहे त्यात सज्जीखार, जवखार आणि टंकण असे तीन क्षार येतात. म्हणजे ग्रंथकारांना तिघांतला फरक स्पष्ट माहीत होता. पापडखार टाकणखाराचाच भाऊ, असं लोक सर्रास म्हणतात, ते चूक आहे. पापडखार सोड्याच्या बाजूचा, त्यात टाकणखारातलं बोरॉन हे मूलद्रव्य नाही. कोशात हे ठळक लिहा, कारण टाकणखार खाण्याच्या पदार्थात घालायची वस्तू नाही.

टंकणाचे पर्याय बघा: द्रावक, लोहश्लेषण, कनकक्षार, रंगद, सौभाग्य. पहिल्या तिघांत सोनाराची शेगडी दिसते, वितळवणारा, धातू चिकटवणारा, सोन्याचा खार. सौभाग्यापासून हिंदीतला सुहागा. आणि एक पर्याय आहे मालतीतीरज, मालतीच्या काठी जन्मलेला. ही नावं देणाऱ्यांना हा खार पाण्याकाठी गोळा होतो एवढी बातमी पोचलेली होती, असं मी यावरून समजतो.

वैद्यकात वापरायच्या आधी टंकणाचं शोधन होतं. लोखंडी कढईत तापवून त्याची लाही करायची. कोशात 'शुद्ध टंकण' अशी वेगळी नोंद द्या, कारण ते आणि बाजारातला खडा एकच नव्हेत. तुमचं म्हणणं इथे शंभर टक्के लागू पडतं.

पार्लेकर_आजी:
आमच्याकडे बाळाचं तोंड आलं की टाकणखाराची लाही मधात खलून जिभेला लावत. माझ्या दोन्ही मुलांना सासूबाईंनी लावली होती.

रसशाळा:
आजी, नमस्कार. तुमच्या काळी हे घरोघरी होतं हे खरं, पण वाचणाऱ्या तरुण आईवडिलांसाठी स्पष्ट लिहितो: कृपया करू नका. बोरॉनचे क्षार तान्ह्या बाळाच्या अंगात साठतात. परदेशात मध आणि बोरॅक्सचं मिश्रण चोखणीला लावल्याने बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला नुसता मधसुद्धा द्यायचा नसतो. तोंड आलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पार्लेकर_आजी:
बरं झालं सांगितलंत. सुनेला हा धागा पाठवते.

हिमवाट:
मालतीचा काठ माहीत नाही, पण एक काठ मी पाहिला आहे. लडाखमध्ये रुपशू भागात पुगा नावाचं खोरं आहे, उंची साडेचार हजार मीटरच्या जवळपास. गरम पाण्याचे झरे, गंधकाचा वास आणि ओढ्याच्या कडेने पांढरे पापुद्रे. मी आधी बर्फ समजून चाललो होतो. बुटाखाली चुरचुरलं, उचलून पाहिलं तर बोटांवर पांढरी पूड. सोबतचा स्थानिक माणूस म्हणाला, "त्साले". तिबेटीत टाकणखाराला त्साले म्हणतात.

मोडीवाचक, हे नाव यादीत घ्याच. मूळ मालकांचा शब्द आहे हा.

दगडधोंडे:
पुगा हा भारतातला टाकणखाराचा नोंदलेला एकमेव मोठा साठा, सुमारे ७४ हजार टनांचा. त्यावर खाणकाम चालत नाही, आपण बोरेट (बोरॉनची खनिजं) आयातच करतो. पुगाचं नाव आता ऐकू येतं ते भूगर्भातल्या उष्णतेवर वीज करण्याच्या प्रकल्पासाठी.

आता जुना व्यापार. युरोपात शेकडो वर्षं जो बोरॅक्स पोचायचा तो मुख्यतः तिबेटातल्या तळ्यांवरचा. रॉबर्ट सॉन्डर्स नावाचा शल्यविशारद १७८३ मध्ये सॅम्युअल टर्नरच्या वकिलातीबरोबर तिबेटातल्या ताशिल्हुन्पो मठात गेला होता. त्याचा वृत्तांत १७८९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. तळ्याच्या उथळ कडेला टिंकाल साचतं, लोक वर्षानुवर्षं ते काढतात तरी कमी होत नाही आणि तिथले लोक ते डाग देण्यासाठी व सोनंचांदी वितळवण्यासाठी वापरतात, असं त्याने लिहिलं आहे. म्हणजे ल्हासाकडच्या सोनाराचं आणि आपल्या सोनारगल्लीचं काम तेच.

हा माल खाली यायचा तो शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर. उत्तराखंडातल्या नीती, माणा, मिलमच्या वाटांनी तिथले भोटिया व्यापारी धान्य वर न्यायचे आणि मीठ, लोकर, सुहागा खाली आणायचे. प्रत्येक मेंढीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना छोटी थैली. रामनगर, जगाधरी अशा पायथ्याच्या गावांत तो साफ व्हायचा.

काथ्याकूट:
इथे मला एक जोड द्यायची आहे. माझे आजोबा दिल्लीच्या बाजारातून मसाले आणि जडीबुटी आणायचे. ते सुहाग्याच्या दोन जाती सांगायचे, चौकिया आणि तेलिया. चौकिया म्हणजे चौकोनी खड्यांचा, साफ. तेलिया म्हणजे हाताला चिकट लागणारा, मळकट, कच्चा. खार तेलकट कसा असेल हे कोडं मला लहानपणापासून आहे.

दगडधोंडे:
काथ्याकूट, तुम्ही या धाग्यातलं सर्वात मोलाचं नाव आणलंत!

वर पाणी उडून भुकटी होण्याबद्दल लिहिलं ते आठवा. तिबेटातून महिनोन्महिने प्रवास करणारा खडा वाटेत वाळून पिठासारखा झाला तर थैलीत काय उरणार? म्हणून खड्यांना चरबी चोळायचे. तो थर पाण्याला आत धरून ठेवायचा. युरोपात पोचलेल्या कच्च्या टिंकालाबद्दल सगळीकडे हीच तक्रार, की पिवळट, तेलकट आहे आणि वास येतो. तिथले शुद्धीकरणवाले आधी चुन्याच्या किंवा सोड्याच्या पाण्याने ती चरबी साबणासारखी करून धुऊन टाकत, मग खार विरघळवून पुन्हा स्फटिक पाडत. व्हेनिसने हे काम बराच काळ आपल्या हातात ठेवलं, नंतर ते डचांकडे गेलं.

म्हणजे तेलिया सुहागा आणि टिंकाल हे एकाच अवस्थेतल्या मालाचे दोन शब्द. 'बोरॅक्स' लिहिलं की ती चरबीही गेली आणि ती मेंढीही गेली.

मोडीवाचक:
अंगावर काटा आला. नुसत्या 'तेलिया' शब्दात एवढी वाट भरलेली आहे. काथ्याकूट, दगडधोंडे, दोघांचेही आभार. नोंद अशी करतो: तेलिया सुहागा, डोंगरातून आलेला, चरबी लावलेला, न शुद्ध केलेला.

गोंयकार:
गोव्याचा वाटा राहू नये म्हणून. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतातल्या औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात हा खार येतो. त्याला बोरॅक्स आणि क्रिसोकोला म्हणतात, अरबीत तिंकार आणि गुजरातीही तसंच म्हणतात, असं त्याने नोंदवलं आहे. म्हणजे सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर हा शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडी होता.

रसशाळा:
तिंकार हे टंकणाचंच फारसी-अरबी रूप. तिथून टिंकाल. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, 'टकि बन्धने' असा धातू आहे, बांधणे या अर्थाचा. मराठीतला टाका आणि टाकणखारातलं टाकण ही त्याच कुळातली वाटतात.

काथ्याकूट:
रसशाळा, इथे थोडा विरोध. महाभारतात तंगण, परतंगण असे हिमालयापलीकडचे लोक येतात. टंकण हे त्या लोकांच्या नावावरून का नसेल? चीनमधून आलेलं ते चिनी, तसं तंगणांकडून आलेलं ते टंकण.

रसशाळा:
शक्यता म्हणून ठीक. पण द्रावक, लोहश्लेषण, कनकक्षार ही सगळी भावंडं कामावरून पडलेली आहेत. एकट्या टंकणाला लोकांच्या नावावरून काढायला मला जास्त पुरावा लागेल.

काथ्याकूट:
मालतीतीरज कामावरून नाही, जागेवरून आहे की! तुम्हीच वर दिलंत.

मोडीवाचक:
दोन्ही मतं नोंदीत येतील, दोघांनी निवांत असा. 😊

गोंयकार, क्रिसोकोला म्हणजे आज तांब्याचं हिरवंनिळं खनिज ना? ते इथे कसं?

दगडधोंडे:
हा घोळ दीड हजार वर्षांचा आहे. ग्रीकमध्ये क्रिसोकोला म्हणजे सोन्याचा डिंक. रोमन लेखक प्लिनीच्या काळी सोनं जोडायला तांब्याचं हिरवं खनिज वापरत, त्याला हे नाव होतं. पुढे त्याच कामाला बोरॅक्स आला आणि नाव कामाबरोबर त्याच्याकडे गेलं. सोळाव्या शतकात जर्मन खनिजतज्ज्ञ अग्रिकोला बोरॅक्सलाच क्रिसोकोला म्हणतो. नंतर खनिजशास्त्राने ते नाव पुन्हा तांब्याकडे नेलं. जुना ग्रंथ वाचताना त्यातलं क्रिसोकोला हिरवं की पांढरं हे आधी ठरवावं लागतं.

तसंच 'बोरॅक्स'चं. अरबी बौरक हा शब्द नैसर्गिक सोड्यासाठीही वापरला जायचा. मध्ययुगीन लॅटिन कृतीत बोरॅक्स दिसलं म्हणून ते आपलं सवागीच असेल असं नाही. तेव्हा मोडीवाचक, सगळ्यात अविश्वासू नाव तुमच्या शब्दकोशांनी सगळ्यांपुढे लिहून ठेवलंय ते, बोरॅक्स!

चहाबाज:
एक बाळबोध प्रश्न. कॅरमची बोरिक पावडर याच घरातली का?

दगडधोंडे:
याच घरातली, पण दुसरी शाखा. तो बोरिक आम्ल. १७०२ मध्ये होम्बर्ग या रसायनतज्ज्ञाने बोरॅक्सपासून तो काढला आणि त्याला शामक मीठ असं नाव दिलं, कारण तो औषध समजून द्यायचे. निसर्गात तो सापडला १७७७ मध्ये, इटलीतल्या तोस्काना प्रांतात, जमिनीतून वाफा निघतात तिथल्या डबक्यांत. सासो गावावरून खनिजाचं नाव सासोलाइट. तुमच्या यादीतलं ते हेच.

१८१८ मध्ये फ्रान्स्वा द लार्देरेलने तिथे कारखाना काढला. डबक्यांतलं पाणी आटवायला लाकूड जाळावं लागायचं, आसपासचं जंगल संपत आलं. १८२७ पासून त्याने जमिनीतल्या वाफेवरच पाणी आटवायला सुरुवात केली. गावाचं नाव पुढे लार्देरेलो पडलं आणि १९०४ मध्ये तिथेच जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवून दाखवले. हिमवाट यांच्या पुग्यात आज जे करू पाहतात त्याची सुरुवात टाकणखाराच्या भावंडाच्या कारखान्यात झाली.

आणि हाच माल तिबेटी सुहाग्याच्या मुळावर आला. इटलीतलं आम्ल सोड्यात घालून युरोपला घरच्या घरी बोरॅक्स मिळू लागला. तेलिया धुण्याचे कष्ट कोण घेणार? भोटियांचा सुहागा बसत गेला.

चहाबाज:
म्हणजे स्ट्रायकर सुळकन पळतो त्यात इटली आहे. रविवारी पोरांना सांगतो.

सॅनहोजेकर:
कॅलिफोर्नियातून दोन ओळी. डेथ व्हॅलीत हार्मनी या जुन्या बोरॅक्स कारखान्याचे अवशेष पाहिले आहेत. तिथल्या कच्च्या मालाला कामगार कॉटनबॉल म्हणायचे, कापसाचा बोंडा. जमिनीवर मऊ, रेशमी तंतूंचे पांढरे गोळे पडलेले असायचे. ते खनिज युलेक्साइट, चिलीकडची तिसा तीच. तिसा म्हणजे खडू. एकाच खनिजाला एका वाळवंटात कापूस दिसला, दुसऱ्यात खडू.

१८८१ मध्ये तिथे राहणाऱ्या विंटर्स नवराबायकोने रात्री त्या गोळ्यावर अल्कोहोल आणि गंधकाम्ल टाकून काडी लावली, ज्योत हिरवी झाली आणि साठा कळला. पुढे १८ खेचरं आणि २ घोडे जोडलेल्या गाड्या १६५ मैलांवर मोहावीच्या रेल्वेपर्यंत माल न्यायच्या. एक गंमत, उन्हाळ्यात तिथे इतकं तापायचं की पिंपातला द्रव थंडच व्हायचा नाही, स्फटिक पडायचे नाहीत. म्हणून उन्हाळ्यात काम दुसऱ्या ठिकाणी हलवत.

कॅलिफोर्नियातलंच कर्नाइट हे बोरेट खनिज १९२६ चं. शास्त्रज्ञांनी कर्न काउंटीवरून नाव दिलं, कंपनीने बाजारात आपल्या अभियंत्याच्या नावाने रासोराइट चालवलं. तर बाजारी नावं हा जुन्या काळाचाच प्रकार आहे असं समजू नका.

एफवायची_बेंच:
हिरव्या ज्योतीवरून आठवलं. कॉलेजात बोरॅक्स मणी परीक्षा सगळ्यात आवडती! प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाला छोटा फास, तापवून बोरॅक्सच्या पुडीत बुडवायचा. ज्योतीत धरला की सोनारगल्ली म्हणतात तशीच लाही फुगते आणि मग एकदम पारदर्शक मणी. क्षाराचा कण लावून पुन्हा तापवला की कोबाल्टचा गडद निळा. मला तो मणी घरी न्यायचा असायचा, पण तार कॉलेजची.

सोनारगल्ली:
म्हणूनच 'रंगद' नाव असेल का? रंग देणारा?

रसशाळा:
सोनारगल्ली, उत्तम प्रश्न. काचेला आणि धातूला रंग चढवण्याशी त्याचा संबंध असावा असं मलाही वाटतं.

काथ्याकूट:
पँडरमाइट राहिलं.

सॅनहोजेकर:
ते बंदराचं नाव आहे. मार्मरा समुद्रावरचं पँडरमा, आजचं बांदिर्मा. १८६५ च्या सुमारास आतल्या भागातून बोरेट तिथे येऊन जहाजात चढू लागलं, म्हणून पँडरमाइट. खनिजशास्त्रात तेच प्राइसाइट म्हणून नोंदलेलं आहे. आज जगातले सर्वात मोठे बोरेट साठे तुर्कस्तानातच आहेत.

सोनारगल्ली:
मोडीवाचक, सगळं वाचलं, एक शंका मांडतो. नावावरून माल कुठला ते कळतं असं तुम्ही म्हणता. पण आज मी सुहागा म्हणून जो खडा घेतो तो हिमालयातला नाही. कारखान्यात साफ केलेला, मूळ खनिज तुर्कस्तानचं नाहीतर अमेरिकेचं. चौकिया म्हणून देतात तोही तसाच. सवागी हे नाव तर आमच्याकडे कुठल्याही मालाला चालतं. मग कोशातली तुमची नोंद वाचून उद्या कोणी दुकानात तिबेटी सुहागा मागेल, त्याचं काय?

दगडधोंडे:
रास्त मुद्दा. नोंदीत काळ घाला. 'सुहागा (१९६२ पूर्वी)' आणि 'सुहागा (आज)'. तिबेटची वाट बंद झाली ते वर्ष मधली रेघ म्हणून चालेल.

मोडीवाचक:
सोनारगल्ली, पटलं. जी नावं जागेला किंवा अवस्थेला बांधलेली आहेत, तेलिया, टिंकाल, त्साले, पँडरमाइट, कॉटनबॉल, त्यांना स्वतंत्र नोंदी आणि काळ. जी कामाला बांधलेली आहेत, सवागी, टंकण, टाकणखार, ती एकत्र, कारण माल बदलला तरी ती कामाबरोबर राहिली. बोरॅक्स शेवटी, दगडधोंडे यांच्या इशाऱ्यासह. शुद्ध टंकण वेगळं आणि पापडखाराशी गल्लत नको ही सूचना ठळक.

कच्चा मसुदा पुढच्या आठवड्यात इथेच टाकतो. सवागीच्या नोंदीतलं डाग देण्याचं वर्णन सोनारगल्ली यांनी तपासावं.

सोनारगल्ली:
तपासतो. 'डाग पळतो' हे शब्द बदलू नका, आमच्यात तसंच म्हणतात.

चहाबाज:
आणि कल्हईचा धागा मी आजच काढतो. अंजनवेल, पहिला प्रतिसाद तुमचा.